माध्यमाचं भांडण आणि वाचता न येणारी पाचवी

गेल्या जुलैत आमच्या मोहल्ल्यातल्या नगरपालिकेच्या उर्दू प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. उरलेल्या जागांत एक 'शिक्षणतज्ज्ञ' असतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो, म्हणून ती खुर्ची माझ्या वाट्याला आली आहे. विषयपत्रिकेवर एकच विषय होता : पहिलीपासून सेमी-इंग्रजी सुरू करायचं की नाही.

दहा मिनिटांत आवाज चढले. मोबाईलचं दुकान चालवणारे एक पालक म्हणाले, "सेमी नाही केलं तर मी दोन्ही पोरं काढून घेतो. माझ्या मागे अजून दहा जण जातील." निवृत्त उर्दू शिक्षक असलेले एक आजोबा उभे राहिले. त्यांचं म्हणणं, आज गणित इंग्रजीत गेलं, उद्या बाकीचं जाईल आणि परवा शाळेच्या पाटीवरचं उर्दू नाव पुसलं जाईल. रिक्षा चालवणारा एक बाप मागच्या बाकावरून म्हणाला, "इथल्या गुरुजींची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत जातात ते आधी सांगा." आणखी एकाचं मत होतं की भिंतीपलीकडे नगरपालिकेचीच मराठी शाळा आहे, तिच्यात ही शाळा मिसळून टाका, भांडणच मिटेल.

या सगळ्यात फॉल-पिकोचं काम करणारी एक बाई बराच वेळ गप्प बसली होती. शेवटी ती म्हणाली, "मेरेकू सेमी-बिमी कुछ नै समजता. मेरी छोरी पाँचवी में है. दादी ने शादी का रुक्का पढने कू दिया, उर्दू में था, नै पढ सकी. राशन दुकान का बोर्ड मराठी में है, वो भी नै. कौन सी भी जबान में पढाव, पन पढाव."

खोलीत क्षणभर शांतता झाली आणि मग पुन्हा सेमी-इंग्रजीवरचा वाद सुरू झाला. त्या बाईच्या बोलण्याला कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. हे भांडण मी आधी ऐकलं होतं. आमच्याच घरात ऐकलं होतं, आणि चाळीस वर्षं इतिहासाची पुस्तकं चाळताना त्याच्या जुन्या आवृत्त्याही वाचल्या होत्या.

आधी घरातलं सांगतो. १९७१ साली मला पहिलीत घालायची वेळ आली, तेव्हा अब्बा बेकरीत भट्टीवर कामाला होते. थोरल्या चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा मुलगा माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, तो उर्दू शाळेत दुसरीत होता. मलाही तिथंच घालायचं, हे दादी धरून चालली होती. अब्बांनी मात्र माझं नाव मराठी शाळेत घातलं. आठवडाभर घरात चूल पेटायची, पण दोघे भाऊ एका ताटात जेवायचे बंद झाले. चाचा म्हणायचे, "जबान गई तो घर गया." अब्बांचं उत्तर ठरलेलं, "कचेरी में कौन उर्दू पूछता?"

गंमत अशी की आमच्या घरात जी भाषा बोलली जायची ती ना चाचांच्या शाळेतली होती ना अब्बांनी निवडलेल्या शाळेतली. आम्ही दखनी बोलायचो. 'नको' या मराठी शब्दाचा 'नक्को' करून आमच्या पूर्वजांनी तो घरात आणून ठेवला, त्याला काही शतकं झाली. उर्दूच्या पुस्तकातली जबान माझ्या चुलतभावाला शिकावी लागली आणि 'बालभारती'तली मराठी मला. दोघांनाही पहिलीत मास्तर काय म्हणतात ते निम्मंच कळायचं.

पुढं काय झालं? चुलतभाऊ सातवीनंतर गॅरेजला लागला. मी शिकलो, नोकरीला लागलो. नातेवाइकांत याचा निष्कर्ष केव्हाच निघाला होता : मराठीत गेला तो तरला, उर्दूत गेला तो बुडाला. मीही तरुणपणी हेच सांगत फिरायचो. हमीद दलवाई आणि त्यांच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचं लिखाण तेव्हा माझ्या वाचनात आलं होतं. १९७० साली पुण्यात स्थापन झालेल्या त्या मंडळाचा आग्रह होता की महाराष्ट्रातल्या मुस्लिम मुलांनी प्रादेशिक भाषेत शिकावं. मला माझं आयुष्य त्या आग्रहाचा पुरावा वाटायचं.

एकदा चुलतभावानं मला शांतपणे हिशेब मांडून दाखवला. त्याच्या शाळेत चार इयत्तांना दोन मास्तर होते आणि त्यातले एक कायम पंचायतीच्या, जनगणनेच्या, नाही तर निवडणुकीच्या कामावर. सातवीपुढं गावात उर्दू हायस्कूल नव्हतं. सगळ्यात जवळचं जिल्ह्याच्या ठिकाणी, एस.टी.नं सव्वा तास. पासाचे पैसे चाचांकडं नव्हते. आणि माझ्या शाळेत? प्रत्येक इयत्तेला एक शिक्षक, शिवाय आठवी त्याच रस्त्यावर. तिसरीला आम्हाला ज्या बाई होत्या त्या रोज शेवटच्या तासाला प्रत्येकाकडून एक परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्यायच्या. चुकलं की पुन्हा. "तू मराठीमुळे शिकला नाहीस," चुलतभाऊ म्हणाला, "तू त्या बाईमुळे आणि त्या रस्त्यावरच्या आठवीमुळे शिकलास." तो आजही रोज उर्दू वर्तमानपत्र वाचतो. त्याची तक्रार उर्दूबद्दल कधीच नव्हती. तक्रार होती ती नसलेल्या आठवीबद्दल.

तेव्हापासून मी जुने वाद वेगळ्या नजरेनं वाचू लागलो. पालक शाळेवरून भांडतात तेव्हा बोलणं एका गोष्टीवर होतं आणि दुखणं दुसऱ्याच गोष्टीचं असतं, हे मला वारंवार दिसू लागलं.

महाराष्ट्रात शाळेवरून झालेल्या पालकांच्या वादातली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट गोविंदराव फुल्यांच्या घरातली आहे. मुलगा शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही, असं लोकांनी कानात भरवलं आणि गोविंदरावांनी जोतीला शाळेतून काढलं. शेजारी राहणाऱ्या गफ्फार बेग मुन्शींनी आणि लिजिट नावाच्या एका साहेबानं त्यांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊ लागला. फारसीच्या एका मुन्शीनं माळ्याच्या पोराला मिशनऱ्यांच्या शाळेत पाठवा म्हणून सांगावं, यातलं मोठेपण मला आज अधिक कळतं. त्यांनी शाळा कुणाची आणि भाषा कुठली हे विचारलं नाही. पोरगं हुशार आहे, ते शिकलं पाहिजे, एवढंच पाहिलं.

असं शेजारपण सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यातच होतं. न्याय त्या मुलाच्या बाजूनं आहे हे सरकारनं कागदावर मान्य केलं आणि तरी प्रवेश नाकारला. कारण काय, तर या एका मुलाला घेतलं तर बाकीच्यांसाठी शाळा निरुपयोगी होण्याचा धोका आहे. म्हणजे बाकीचे पालक आपली मुलं काढून घेतील. पुढं विलायतेतल्या संचालकांनी, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या आहेत असं कळवलं, पण गावोगावच्या ओसरीवर आणि देवळात भरणाऱ्या शाळांपर्यंत ते तत्त्व पोचायला पिढ्या गेल्या. 'मुलं काढून घेतो' ही पालकांची धमकी किती जुनी आहे आणि सरकार तिला किती घाबरतं, हे या प्रकरणातून दिसतं. त्या दिवशी बैठकीत मोबाईलवाल्यांच्या तोंडून ती ऐकली तेव्हा मला धारवाड आठवलं. कारण वेगळं होतं, पण वजन तेच. ज्याच्याकडं दुसरीकडं जायची ऐपत आहे त्याचं ऐकलं जातं.

यानंतरचा मोठा टप्पा १८८२चा. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग देशभर साक्षी घेत होता. जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबरात आपलं निवेदन दिलं. त्यांचा पहिला मुद्दा पैशाचा होता. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. त्या काळी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर होता, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी. कर शेतकऱ्यानं भरायचा आणि त्याच्या पोराची शाळा मात्र नावापुरती. फुल्यांच्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत : बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पोटापुरता पगार द्या, मोडी आणि बाळबोध दोन्ही लिपी शिकवा, हिशेब शिकवा, शेतीची माहिती द्या. निवेदनात मुसलमानांचाही उल्लेख आहे. हे लोक या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठीची किंवा इंग्रजीची फारशी गोडी दिसत नाही, असं निरीक्षण त्यांनी नोंदवलं.

त्याच आयोगानं मुस्लिमांच्या शिक्षणाबद्दल स्वतंत्र शिफारशी केल्या. त्यातली एक आमच्या त्या दिवशीच्या बैठकीचा पायाच म्हणावी अशी आहे. प्राथमिक आणि मधल्या शाळांत मुस्लिम मुलांना मुख्यत्वे हिंदुस्तानीतून शिकवावं, जिथं मुस्लिम समाजाची इच्छा दुसऱ्या भाषेची असेल ते भाग वगळून. आणि जिथं सरकारी देशी भाषा हिंदुस्तानी नसेल तिथं ती भाषा ऐच्छिक विषय म्हणून जोडावी.

ही शिफारस मी विद्यार्थ्यांना अनेकदा वाचून दाखवली आहे. तिच्यात सद्भाव आहे, सवलत आहे, निवडीची मुभाही आहे. पण दोन गोष्टी खटकतात. एक, 'समाजाची इच्छा' विचारायची कुणाला? कोकणातल्या मच्छीमाराला, नगरच्या विणकराला, की शहरातल्या अश्रफ पुढाऱ्याला? घरात मराठी, कोकणी किंवा दखनी बोलणारा बाप आणि घरात उर्दू बोलणारा बाप हे या शिफारशीत एकच झाले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राज्यकारभाराची भाषा ऐच्छिक ठेवल्यावर त्या मुलाला पुढं कचेरीत, कोर्टात, बाजारात कोण उभं करणार? अब्बांचं 'कचेरी में कौन उर्दू पूछता' हे त्या ऐच्छिक शब्दाला नव्वद वर्षांनी दिलेलं उत्तर होतं.

मुंबईत याच सुमारास अंजुमन-ए-इस्लामनं वेगळी वाट धरली. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली स्थापन केलेल्या या संस्थेनं १८८० साली शाळा काढली. तिथं उर्दू होती आणि नव्या काळातलं शिक्षणही होतं. पण अंजुमन मुंबईत. तालुक्याच्या गावातला भट्टीवाला आणि सायकलवाला नगरपालिकेच्या शाळेवरच अवलंबून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाद माध्यमावरून सक्तीकडं वळला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते फार जहाल नव्हतं. ज्या भागात बरीच मुलं आधीच शाळेत जातात तिथल्या स्थानिक संस्थेला वाटलं तर सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती करता यावी, एवढंच. १९१२च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. सरकार विरोधात होतं आणि बरेच जमीनदार, संस्थानिकही. शेतमजुराचं पोर शाळेत गेलं तर गुरं कोण राखणार, हा प्रश्न त्या सभागृहात भरजरी शब्दांत विचारला गेला. विधेयकाच्या बाजूनं उभे राहणाऱ्यांत तरुण महंमद अली जिना होते, हे आज फार कुणाला आठवत नाही.

जे दिल्ली-कलकत्त्याला जमलं नाही ते कोल्हापुरात झालं. शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. याच महाराजांनी १९०६ साली मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग सुरू करून दिलं होतं. म्हणजे राहायला, जेवायला आधार वेगळा दिला तरी चालेल, वर्ग मात्र एकच हवा. माझ्या मते या प्रश्नावर इतका स्पष्ट विचार करणारे राज्यकर्ते आपल्याकडं विरळाच.

पण शाळेत येणं आणि शिकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे सगळ्यात थेटपणे सांगितलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी एक आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. दोन वर्षांनी आलेल्या हार्टोग समितीच्या अहवालानंही असंच चित्र मांडलं आणि 'गळती' हा शब्द शिक्षणखात्याच्या भाषेत कायमचा बसला. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की प्राथमिक शिक्षणाचा हेतू मूल एकदा साक्षर झालं की जन्मभर साक्षर राहावं हा आहे. तेवढं साधत नसेल तर शाळेवरचा खर्च वाया जातो. या कसोटीवर शाळेची भाषा कुठली हा प्रश्न पहिला राहत नाही. पहिला प्रश्न हा की चौथी-पाचवीतलं मूल वाचतं का.

फॉल-पिकोवाली बाई नेमकं हेच विचारत होती. शंभर वर्षांत एक बदल झाला आहे. त्या काळी ८२ मुलं शाळेतून निघून जायची. आता ती शाळेत बसून राहतात, पटावर दिसतात, पाचवीत जातात, आणि रुक्का वाचता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनं भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क दिला. १९५६ साली ३५० 'अ' कलम आलं आणि प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करणं ही राज्याची जबाबदारी ठरली. मी त्या कलमाच्या बाजूचा आहे. चाचांच्या हट्टाला घटनेचा आधार होता, हे मला उशिरा कळलं. पण सोय म्हणजे एक खोली, एक पाटी आणि दोन शिक्षक, असा अर्थ प्रशासनानं लावला, आणि आमच्या पुढाऱ्यांनी तो खपवून घेतला. उर्दू शाळा मंजूर करून आणली की हार-तुरे. तिथं शिक्षक किती, पोरं काय शिकतात, हे विचारायला कुणी पुन्हा आलं नाही. उर्दूच्या नावानं ओरडणारेही आले नाहीत आणि उर्दूच्या नावानं अश्रू ढाळणारेही.

१९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगानं एक साधी सूचना केली होती : शेजारशाळा. वस्तीतली सगळी मुलं, गरिबांची आणि श्रीमंतांची, जवळच्या सार्वजनिक शाळेत जातील. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाची भूमिका अशी की पैसेवाल्यांची, सत्तावाल्यांची मुलं त्याच शाळेत असतील तर त्यांना त्या शाळेकडं लक्ष द्यावंच लागेल, आणि शाळा लवकर सुधारेल. ही सूचना कागदावरच राहिली. घडलं ते उलटं. ज्याला बोलता येतं, ज्याचं ऐकलं जातं, तो पालक आधी निघून गेला. मागं उरले ते ज्यांना अर्ज लिहिता येत नाही असे.

निघून गेलेल्यांत मी आहे. २००० साली राज्य सरकारनं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आणला. मोठी खळबळ उडाली होती. पुढच्याच वर्षी माझी मुलगी पहिलीत जाणार होती. मी कॉलेजात मराठी शाळांच्या बाजूनं भाषण केलं आणि मुलीला गावातल्या खाजगी इंग्रजी शाळेत घातलं. बायको म्हणाली, "घर के पीछे स्कूल है, वहाँ क्या कम है?" मी म्हणालो, तिथं शिक्षक कमी आहेत. खरं होतं. पण मी एका शिक्षकासाठी नगरपालिकेत एकही खेप घातली नव्हती. फी भरणं सोपं होतं.

२००६च्या सच्चर समितीच्या अहवालानं मुस्लिम पालक मुलांना मदरशातच पाठवतात हा समज खोडून काढला. शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी चार टक्क्यांच्या आसपास आहेत, असं समितीनं दाखवलं. म्हणजे आमचे लोक शाळा मागत आहेत. २००९चा शिक्षण हक्क कायदा आला आणि वर्षभरानं लागू झाला. त्यानं खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. २०२४ साली राज्य सरकारनं नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तो बदल रद्द झाला. ज्या शाळा सरकार स्वतः चालवतं त्या जवळ आहेत हे सरकारचं कारण, आणि तिथं पाठवायचं नाही म्हणून पालक कोर्टात. या प्रकरणात मी पालकांच्या बाजूनं होतो. तरी त्या दिवशी वाटलं, एवढीच ताकद जवळची शाळा सुधारण्यासाठी लावली असती तर? मग स्वतःचीच आठवण झाली आणि गप्प बसलो.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिच्यासाठी मात्र कुणी कोर्टात जात नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत ९१ ते १२० मुलं असतील तर चार शिक्षक हवेत. आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेचा पट १०४ आहे. काम करणारे शिक्षक दोन. त्या दोघांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. एकजण ऑनलाइन माहिती भरत असतो तेव्हा दुसरा पाच इयत्ता सांभाळतो.

ऑगस्टच्या बैठकीत मी हे सगळं मांडायचं ठरवून गेलो होतो. धारवाड, हंटर, गोखले, सगळी टिपणं खिशात होती. सुरुवात केली आणि रिक्षावाल्या पालकानं मधेच विचारलं, "सर, आपकी बेटी कौन से स्कूल में थी?"

मी सांगितलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, गाव लहान आहे. कुणी हसलं नाही. तो म्हणाला, "मग आम्हीच का थांबायचं?" या प्रश्नाला माझ्याकडं आजही पुरतं उत्तर नाही. एका बापाला स्वतःच्या पोराची सहा वर्षं पणाला लावून शाळा सुधारायला सांगणं मला जमत नाही, कारण मी ते केलं नाही. मी एवढंच म्हणालो की जे जातील त्यांना अडवू नका, पण जे राहणार आहेत त्यांची पोरं वाचत नाहीत, ते आज बोलू. सेमी-इंग्रजी झालं तरी ते गणित शिकवायला माणूस लागेलच. उर्दूच राहिली तरी लागेल. मराठी शाळेत मिसळलं तरी लागेल.

टिपणं खिशातच राहिली. त्या दिवशी दोन ठराव झाले. पहिला, दोन रिक्त पदं भरण्यासाठी नगरपालिकेकडं लेखी मागणी करायची आणि पट व कायद्यातलं प्रमाण सोबत जोडायचं. उर्दूवाल्या आजोबांनी मसुदा केला, मोबाईलवाल्यांनी टाइप करून आणला. या दोघांनी एकत्र केलेलं हे बहुधा पहिलंच काम. दुसरा, दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी तासभर तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलानं कुणातरी पालकासमोर एक पान मोठ्यानं वाचायचं. उर्दू असो, मराठी असो. ज्या पालकाला वाचता येत नाही त्यानंही बसायचं. पोर अडखळतंय की सरळ वाचतंय हे कळायला अक्षरओळख लागत नाही. सेमी-इंग्रजीचा विषय पुढं ढकलला.

मागणीचं पत्र आत्तापर्यंत तीनदा गेलं. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. सेमी-इंग्रजीचा विषय पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आणि पुन्हा भांडण होणार. होऊ दे. चाचा आणि अब्बा भांडले म्हणून निदान आमच्या दोघांच्या शाळेकडं घराचं लक्ष तरी होतं. भीती वाटते ती ज्या दिवशी कुणीच भांडायला येणार नाही त्या दिवसाची.

शनिवारी मी जातो. तिसरीच्या बाई करायच्या तसंच करतो. चुकलं की पुन्हा. मागच्या शनिवारी ती पाचवीतली मुलगी माझ्यासमोर होती. उर्दूचं अर्धं पान तिनं बोट ठेवून वाचलं, घंटा झाली. फाटकाशी तिची आई उभी होती. तिनं विचारलं, "कित्ता पढी?"

मी म्हणालो, "आधा पन्ना."

"पिछले हफ्ते चार लाइन थे," ती म्हणाली, आणि मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून निघून गेली.